माडिया की मारिया? एका अक्षराची शोधाशोध

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा आलापल्लीच्या पुढे रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग मध्येच अडकला, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे', 'बघा' थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कोड्याने करू. पाच अक्षरी इंग्रजी शब्द. पहिलं अक्षर एम, दुसरं ए, तिसरं माहीत नाही, चौथं आय, पाचवं ए. सांगा पटापट.

वर्डल खेळणाऱ्यांनी एव्हाना दोन-तीन शब्द काढले असतील. जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो खेळ लोकांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. तेव्हापासून 'अमुक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधा' हा अर्ध्या जगाचा सकाळचा चहासोबतचा उद्योग झालाय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र तो जुना. १९७३ मध्ये केन थॉम्पसनने युनिक्सवर ग्रेप नावाचा छोटासा प्रोग्राम दिला. त्यात नेमकं हेच करता येतं. माहीत असलेली अक्षरं लिहायची आणि माहीत नसलेल्या जागी एक टिंब द्यायचं. एम, ए, टिंब, आय, ए. टिंब म्हणजे 'इथे काहीही चालेल'.

तर काय सापडतं? मॅनिया म्हणजे वेड. माफिया, तो तर सगळ्यांना माहीत. मग मारिया. हे बाईचं नाव आहेच, पण इंग्रजी कोशात तो साधा शब्दही आहे: चंद्रावर जे काळसर डाग दिसतात त्यांना लॅटिनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र म्हणतात, त्याचं अनेकवचन मारिया. १९६९ मध्ये अपोलो ११ उतरलं ते अशाच एका 'समुद्रात'. आणि मोठा कोश घेतला तर चौथा शब्द: माडिया. सूर्यफुलाच्या कुळातली एक वनस्पती, चिली आणि कॅलिफोर्नियाकडची, बियांपासून तेल निघतं. नाव आलंय चिलीतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून.

आता चंद्रपूर-गडचिरोलीचा कोणीही माणूस इथे थांबेल. कारण आपल्याकडे माडिया म्हणजे वनस्पती नाही. भामरागड, एटापल्ली, अहेरी भागातली माणसं. आणि मारिया म्हणजेही तीच माणसं. टिंबाच्या जागी डी टाका किंवा आर टाका, इंग्रजी कोश तुम्हाला चिलीला नेईल नाहीतर चंद्रावर, पण इंद्रावतीच्या काठावरची माणसं दोन्हीकडे तीच. शब्दखेळांच्या यादीत विशेषनामं घेतच नाहीत, त्यामुळे ती तिथे सापडणार नाहीत हे ठीक. पण एका यादीत ती आहेत, आणि त्या यादीतला डी आणि आर हा खेळ नाही. त्यावर शाळेची सीट, नोकरी, घरकुल अवलंबून असतं. आजचा भाग त्या एका अक्षराचा इतिहास आहे.

टिंब कुठे हरवलं?

आधी कानाची गोष्ट. मोठ्याने म्हणा: डमरू. आता म्हणा: गाडी, घोडा, गड. 'डमरू'मधला ड जीभ टाळूला ठाम टेकवून येतो. 'गाडी'मधला ड तसा नाही, तिथे जीभ फटकन् उलटून खाली येते. मराठीत आपण दोन्हीला एकच अक्षर वापरतो आणि आपलं काही अडत नाही. हिंदीत या दुसऱ्या उच्चाराला ड खाली नुक्ता देतात. इंग्रजांच्या कानाला तो उच्चार त्यांच्या आरच्या जवळचा वाटला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने देशी नावं रोमन अक्षरांत लिहायची एक पद्धत ठरवली. विल्यम हंटर यांच्या नावावरून तिला हंटेरियन म्हणतात. इंपीरियल गॅझेटियर वगैरे त्याच पद्धतीने छापली गेली. या पद्धतीत तो फटकन् उलटणारा ड लिहायचा आर वापरून आणि त्या आरच्या खाली एक टिंब देऊन. विद्वानांच्या पुस्तकात टिंब छापलं जायचं. पण तहसील कचेरीतल्या हस्तलिखितात, साध्या टाइपरायटरवर, नकाशावर ते टिंब कोण देणार? ते गळून गेलं. उरला नुसता आर. आमच्या भाषेत सांगायचं तर हा डेटा लॉस आहे. दोन वेगळे उच्चार एकाच अक्षरात मिसळले आणि मागे जायला रस्ता राहिला नाही.

याचे पुरावे आपल्या आजूबाजूला पडलेत. मारवाडचं इंग्रजी स्पेलिंग बघा, शेवटी आर. काठियावाड, तिथेही आर. निजामाच्या काळात बीडच्या इंग्रजी नावाच्या शेवटीही आरच असायचा. आणि आपलं स्वतःचं गाव? इंपीरियल गॅझेटियरमध्ये गडचिरोली शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे 'गढचिरोली' आहे, म्हणजे जी, ए, आर, एच, आणि मग चिरोली. वैरागडही तसंच, शेवटी आर-एच. आज सरकारी नकाशावर भामरागड डी ने संपतं, पण गडचांदूरजवळच्या माणिकगड सिमेंटच्या नावात आर-एच अजून शाबूत आहे. एकाच भागातले दोन गड, इंग्रजीत दोन वेगवेगळ्या शेपट्या.

गावांचं एक बरं असतं. पाटी बदलली की झालं. चांदाचं चंद्रपूर झालं, १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, नवीन पाट्या लागल्या. माणसांच्या नावांचं तसं झालं नाही.

माड म्हणजे डोंगर-जंगलाचा मुलूख, तिथले ते माडिया, असा एक अर्थ सांगितला जातो. पलीकडच्या छत्तीसगडमधलं अबूझमाड तुम्ही ऐकलंच असेल. त्याचंही इंग्रजी स्पेलिंग कधी आरने, कधी डीने. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जमाती आणि जातींवरचे चार खंड आले. १९३८ मध्ये डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याचं बस्तरच्या 'मारिया गोंडां'वरचं पुस्तक आलं. पुस्तक चांगलं आहे, नाव आरने आहे. एकदा मोठ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर स्पेलिंग छापलं गेलं की पुढचे सगळे तेच उचलतात. आपण स्टॅक ओव्हरफ्लोवरून कोड उचलतो तसंच.

कोशात गोंड आहे, पण दगडात

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण 'माडिया'च्या आधी जे मोठं नाव लागतं ते 'गोंड', आणि त्याचा इंग्रजीतला प्रवास भलताच मजेशीर आहे.

ग्रेपला सांगा, जी-ओ-एन-डी ही चार अक्षरं असलेले शब्द दे. पहिलाच येतो गोंडोला, व्हेनिसची होडी. मग गोंडोलियर, ती वल्हवणारा. त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही. पण मग येतो गोंडाइट: मँगेनीज असलेल्या एका रूपांतरित खडकाचं नाव, भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ मध्ये छापलेलं. आणि मग सगळ्यात मोठा, गोंडवाना.

दहावीच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलंय की एकेकाळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे जोडलेले होते आणि त्या खंडाचं नाव गोंडवाना. ते नाव आलं कुठून? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या कोळशाच्या थरांना हे नाव दिलं. १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांनी ते छापलं. १८८५ मध्ये व्हिएन्नाचे एडुआर्ड झ्युस यांनी त्याला 'लँड' जोडलं. गोंडवाना म्हणजेच मुळात गोंडांचा मुलूख. त्यामुळे गोंडवानालँड म्हणजे 'गोंडांच्या मुलखाचा मुलूख'. लेडीज बाईसारखं झालं हे. आपल्या बल्लारपूर, वरोरा, वणीचा कोळसा त्याच गोंडवाना थरांतला. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटची तुकडी मेली, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे सोळा किलो दगड सापडले. त्यांत ग्लोसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे जीवाश्म होते. तेच झाड आपल्या कोळशात आहे.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त आवडणारा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. हा माणूस दोन गोष्टी गोळा करत हिंडायचा: जीवाश्म आणि शब्द. चांदा जिल्ह्यातल्या मांगलीचा एक प्राचीन उभयचर प्राणी त्यांच्याच धडपडीतून लंडनपर्यंत पोचला, आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्याचं वर्णन केलं. दुसऱ्या बाजूला त्यांनी गोंडांची लिंगोची गाणी आणि गोंडी शब्द लिहून घेतले. १८६३ मध्ये ते नदीत बुडून गेले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. त्यातली एक नोंद आजही महत्त्वाची आहे: हे लोक स्वतःला गोंड म्हणत नाहीत, कोइतोर म्हणतात.

म्हणजे बघा, 'गोंड' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. तेलुगूतल्या 'कोंडा' म्हणजे डोंगर या शब्दावरून ते आलं असं एक मत आहे. बाहेरच्या त्या नावावरून इंग्रजांनी खडकाचं नाव ठेवलं, खंडाचं नाव ठेवलं, आणि ते जगभर गेलं. कोइतोर मात्र कुठे गेला नाही. के-ओ-आय ही अक्षरं टाकली तर इंग्रजी कोशात सगळ्यात आधी येतो जपानी मासा.

ती यादी

आता मूळ मुद्द्यावर. राज्यघटनेच्या कलम ३४२ खाली राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० ला अनुसूचित जमातींची पहिली यादी काढली. जात पडताळणीच्या फाइलमध्ये '१९५० पूर्वीचा पुरावा' का मागतात, ते या तारखेमुळे.

आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि यादी बदलली. त्या बदललेल्या यादीत एक विचित्र गोष्ट होती. चांदा जिल्ह्यातल्या गडचिरोली आणि सिरोंचा या दोनच तहसिलींतले गोंड अनुसूचित जमातीत. बाकीच्यांचे नाहीत. म्हणजे ज्या चांदा शहराला गोंड राजांनी परकोट बांधला, ज्या शहरात त्यांच्या समाध्या आहेत, त्या शहरात राहणारा गोंड माणूस कागदावर आदिवासी नव्हता. वैनगंगा ओलांडून पलीकडे राहणारा त्याचा मामेभाऊ मात्र होता. ही भागाची अट १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने काढली. वीस वर्षं गेली मधली. एवढ्यात एक पिढी शिकून मोठी होते, किंवा शिकायची राहून जाते.

आज महाराष्ट्राच्या यादीत अठराव्या क्रमांकावर गोंड आहे. ही नोंद एकदा मुद्दाम वाचा. एकाच क्रमांकात पन्नासहून जास्त नावं, स्वल्पविराम देऊन ओळीने. त्यातल्या काही जोड्या बघा. आरख, आणि लगेच दुसरं आरख, फक्त एक आर जास्त. बडी मारिया, बडा मारिया. माडिया, मारिया. मुडिया, मुरिया. मोघ्या, मोगिया, मोंघ्या. शेवटी वाडे मारिया, आणि तेच नाव परत, एकदा डब्ल्यूने आणि एकदा व्हीने.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी डुप्लिकेट काढायला विसरलं. तसं नाही. ज्याने कोणी ही यादी केली त्याला पक्कं माहीत होतं की हा कागद अक्षरं जुळवून वाचला जाणार आहे. म्हणून त्याने सापडतील तेवढी स्पेलिंगं आत घातली. माझ्या मते यादीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच आहे. १९५६ च्या मसुद्यात अशा काही जोड्यांमध्ये 'किंवा' होतं, १९७६ ला त्या जागी साधा स्वल्पविराम आला. त्यामुळे आज नुसती यादी वाचणाऱ्याला कळतच नाही की कुठल्या दोन नावांमध्ये दोन जमाती आहेत आणि कुठल्या दोन नावांमध्ये एकच जमात दोन स्पेलिंगांत उभी आहे.

यादीत शुद्ध इंग्रजी शब्दही आहेत, बरं का. 'हिल मारिया' आहे, 'बायसनहॉर्न मारिया' आहे. नाचताना गव्याच्या शिंगांचा मुकुट घालतात म्हणून ग्रिगसनने रूढ केलेलं ते नाव. साहेबाने पुस्तकात वापरलेला शब्द आज भारताच्या घटनात्मक आदेशात बसलाय. कोइतार आणि कोया हेही आहेत, स्वल्पविरामांच्या गर्दीत, मधेच कुठेतरी.

कोर्टात अक्षर

यादी कशी वाचायची? या प्रश्नावर विदर्भातून गेलेले खटले पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले गेले.

हलबा-कोष्टींचा खटला आधी. यादीत 'हलबा, हलबी' आहे. विणकर कोष्टी समाजातल्या अनेकांचं म्हणणं होतं की आम्ही हलबाच. नोव्हेंबर २००० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: यादी जशी आहे तशीच वाचायची. जे नाव त्यात नाही ते 'त्याच अर्थाचं आहे' असं दाखवायला पुरावा घेता येणार नाही. बदल करायचा तर संसदेने करायचा. आमच्या भाषेत याला एक्झॅक्ट मॅच म्हणतात.

मग माना समाज. चंद्रपूर-गडचिरोलीत मोठ्या संख्येने. 'माना' हे नाव गोंडांच्या त्याच अठराव्या नोंदीत येतं. प्रश्न असा की माना म्हणजे गोंडांची पोटशाखा, की स्वतंत्र जमात? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, स्वतंत्र. गोंडांशी नातं सिद्ध करायची गरज नाही. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये उभं असणं पुरेसं ठरलं.

गोवारींच्या वाट्याला स्वल्पविराम आला नाही. यादीत 'गोंड गोवारी' असे दोन शब्द आहेत, मध्ये फक्त मोकळी जागा. त्याचा अर्थ 'गोंडांमधले गोवारी' की 'गोंड' आणि 'गोवारी'? २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावर गोवारींचा मोर्चा आला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरं खूप होती. शहरात त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण तेच: यादीत लिहिलंय 'गोंड गोवारी', कोर्ट त्याचं 'गोवारी' करू शकत नाही.

आणि थेट आपल्या अक्षराचा खटला: धनगर. छत्तिसाव्या क्रमांकावर 'ओरांव, धनगड' आहे. धनगर समाजातल्या नेत्यांचा दावा असा की इथे आरच्या जागी चुकून डी पडला, धनगड नावाचे लोक महाराष्ट्रात नाहीतच. आदिवासी संघटनांचं म्हणणं, धनगड हा ओरांवांशी जोडलेला वेगळा समूह, चूक वगैरे काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगरांच्या याचिका फेटाळल्या. कोणाची बाजू बरोबर हे सांगायला हा भाग नाही. पण युक्तिवाद किती ओळखीचा आहे बघा. ड आणि र खरंच एकमेकांच्या जागी जात आलेत, मारवाडपासून गडचिरोलीपर्यंत. त्यावरून प्रत्येक ठिकाणी तसंच झालं असेल असं मात्र म्हणता येत नाही. माडियाच्या बाबतीत यादीनेच दोन्ही स्पेलिंगं दिली, धनगडच्या बाबतीत दिली नाहीत, आणि कोर्टाने दिलेलं तेवढंच वाचलं.

कॉम्प्युटर मदत करेल का?

माझं रोजचं काम डेटाबेसचं, त्यामुळे हा प्रश्न डोक्यात येणारच. स्पेलिंग वेगळं पण नाव तेच, हा त्रास जगभर आहे आणि त्यावर शंभर वर्षांपूर्वीच औषध निघालंय.

अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ मध्ये साउंडेक्सचं पेटंट घेतलं. कल्पना साधी: नावाचं पहिलं अक्षर ठेवा, स्वर काढून टाका, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडा द्या. बी, एफ, पी, व्ही यांना १. डी, टी यांना ३. आरला ६. पुढे अमेरिकन जनगणनेच्या जुन्या नोंदींची सूची याच पद्धतीने केली गेली, आणि आजही बहुतेक डेटाबेसमध्ये साउंडेक्स नावाचं फंक्शन तयार मिळतं.

आता माडिया टाका. एम, मग डी चा ३, बाकी स्वर. कोड आला एम-३००. मारिया टाका. एम, आर चा ६. कोड एम-६००. जुळत नाही! स्पेलिंगच्या गोंधळावर काढलेलं औषधच म्हणतंय की ही दोन वेगळी नावं आहेत. कारण उघड आहे. रसेलच्या इंग्रजी कानात डी आणि आर दोन टोकांना बसतात. आपल्या 'गाडी'मधला ड त्याने कधी ऐकलाच नाही.

थांबा, पुढे अजून वाईट आहे. मुडिया टाका. एम-३००. मुरिया, एम-६००. म्हणजे साउंडेक्सच्या मते माडिया आणि मुडिया एकच, मारिया आणि मुरिया एकच. प्रत्यक्षात माडिया आणि मुरिया हे दोन वेगळे समूह. मुरिया बस्तरचे, घोटुलसाठी प्रसिद्ध. जे एक आहेत त्यांना तोडलं आणि जे वेगळे आहेत त्यांना जोडलं. एवढी उलटी उत्तरं देणारा प्रोग्राम माझ्या हाताखालच्या पोराने लिहिला असता तर मी चहा पाजून परत बसवलं असतं त्याला.

दुसरा उपाय लेव्हेनश्टाइनचा, १९६५ चा. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. माडिया ते मारिया: एक. माडिया ते मुडिया: तेही एक. गेलं ते पण कामातून. अक्षरांच्या मापाने दोन्ही अंतरं सारखीच. 'हे एकच आहेत आणि ते वेगळे' हे कळायला भाषा माहीत असलेला माणूसच लागतो, किंवा त्या माणसाने हाताने भरून दिलेली जोड्यांची यादी. १९५६ च्या मसुद्यातल्या त्या 'किंवा'सारखी.

आणि हे नुसतं डोकं चालवायला नाही. केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत महाराष्ट्रातले तीन गट आहेत: कातकरी, कोलाम आणि 'मारिया गोंड'. आर ने. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गटांसाठी पीएम-जनमन योजना सुरू झाली: घरं, रस्ते, पाणी, मोबाइल टॉवर. आता समजा, भामरागड तालुक्यातल्या एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत 'माडिया' आहे. तिच्या आजोबांच्या जुन्या कागदावर नुसतं 'गोंड' आहे. इंद्रावतीपलीकडच्या मामाच्या दाखल्यावर हिंदीत ड खाली नुक्ता आहे, आणि इंग्रजीत आर. तिन्ही कागद खरे. ऑनलाइन फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये एम दाबल्यावर तिला 'माडिया' दिसेल की 'मारिया', आणि दोन्ही दिसले तर ती कुठलं निवडेल? गोंड म्हणून शोधलं तर ती जीच्या पानावर असेल. पुढे पडताळणी समितीसमोर कागदांचं एकमेकांशी जुळणं बघितलं जाणार आहे, हे फॉर्म भरून देणाऱ्या सेतू केंद्रातल्या दादाच्या डोक्यात तेव्हा असेलच असं नाही.

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी जे असे फॉर्म भरतात किंवा असं सॉफ्टवेअर लिहितात त्यांना एकच कामाची गोष्ट सांगतो. फॉर्म भरताना सगळ्यात जुन्या कागदावरचं मराठी नाव आणि यादीतलं इंग्रजी स्पेलिंग समोरासमोर ठेवा, आणि नंतरच्या प्रत्येक कागदावर तेच इंग्रजी स्पेलिंग चालू ठेवा. आणि सर्च लिहिताना साउंडेक्सवर विसंबू नका. मधल्या डी आणि आरची जोडी हाताने घाला, नाव मूळ लिपीत वेगळं साठवा. नंतर कधी टिंब परत द्यायची वेळ आली तर कुठे द्यायचं ते तरी कळेल.

जाता जाता एक. जगातल्या प्रत्येक भाषेला कॉम्प्युटरसाठी तीन अक्षरी इंग्रजी कोड असतो. फोनमधली भाषांची यादी, फॉन्ट, भाषांतराचे प्रोग्राम सगळे तो वापरतात. गोंडीचा एकत्र कोड जी-ओ-एन. आपल्या अहेरीकडच्या गोंडीला स्वतःचा कोड मिळालाय, ई-एस-जी. आणि माडिया? त्या यादीत माडिया नावाखाली शोधाल तर सापडणार नाही. नोंद आहे 'मारिया', आणि पुढे कंसात 'भारत', कारण पापुआ न्यू गिनीमध्येही मारिया नावाची एक भाषा आहे, तिच्याशी घोळ होऊ नये म्हणून. कोड आहे एम-आर-आर. एक नाही, दोन आर.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या घरातल्या जुन्या कागदांवर तुमच्या गावाचं किंवा आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं असेल तर फोटो नको, नुसतं स्पेलिंग कळवा.